बीपीच्या गोळीने किडनी जाते? एका फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

मुंबईतल्या सोसायट्यांच्या, भजनी मंडळांच्या, लोकलच्या डब्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. शब्द इकडेतिकडे होतात, मजकूर तोच. बीपी आणि शुगरच्या गोळ्यांनी किडनी जाते. डायलिसिसवरच्या कोणालाही विचारा, तो आधी याच गोळ्या घेत होता. शरीरातलं प्रत्येक खातं स्वतंत्र आहे, शुगरचा किडनीशी आणि किडनीचा हृदयाशी संबंध औषध कंपन्यांनी लावून दिला. वयात १०० मिळवा, ते तुमचं नॉर्मल बीपी. त्रास नाही म्हणजे आजार नाही. शेवटी उपाय: कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, शेंदेलोण, रोज एक शहाळं, आणि गोळ्या आजपासून बंद.

माझा दवाखाना काळाचौकीला आहे. हा मेसेज वाचून गोळ्या सोडलेली माणसं माझ्याकडे येतात, कोणी डोकं जड झालं म्हणून, कोणी पायाला सूज आली म्हणून. त्यांना रागावून काही होत नाही. डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चारेक तास मशीनला जोडून पडून राहणं. हे ज्यांनी घरात पाहिलंय, त्यांना 'यातून वाचा' असं कोणीही सांगितलं तरी ते ऐकणार. त्यांची भीती खरी आहे. तिला दाखवलेला रस्ता चुकीचा आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"डायलिसिसवरचे सगळे आधी या गोळ्या घेत होते."

बहुतेक जण घेत होते, हे खरंच आहे. पण त्यांना बीपी आणि शुगर होती म्हणून घेत होते. किडनी निकामी होण्याची सर्वांत मोठी दोन कारणं म्हणजे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. हे दोन्ही आजार कळायच्या आधी वर्षानुवर्षं अंगात मुरलेले असतात. पहिली गोळी पोटात जाते तेव्हा किडनीची झीज अनेकदा सुरू झालेली असते. गोळीची तारीख चिठ्ठीवर असते, आजाराची कुठेच नसते, म्हणून दोष गोळीवर येतो.

हा वाद अंदाजावर सोडायची गरजही नाही, कारण हे माणसांवर तपासून झालेलं आहे. १९९३ साली मधुमेहामुळे लघवीतून प्रथिन जाऊ लागलेल्या ४०९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना कॅप्टोप्रिल ही बीपीची गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने गाळून बाहेर टाकायचा रक्तातला कचरा; किडनी थकली की तो वाढतो. ते दुप्पट होण्याचा धोका औषध घेणाऱ्यांत ४८ टक्क्यांनी कमी निघाला. मृत्यू, डायलिसिस किंवा किडनी बदलण्याची वेळ येणं, हे सगळं मिळून निम्म्यावर आलं. २००१ मध्ये लोसार्टन या बीपीच्या दुसऱ्या गोळीची तशीच चाचणी १५१३ रुग्णांवर झाली. किडनी पूर्ण निकामी होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं. गोळीने किडनी जात असती तर दोन्ही वेळा निकाल उलटा लागला असता.

मग रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन वर गेलेलं का दिसतं? इथे जरा थांबायला हवं, कारण याच आकड्याने बरेच जण घाबरतात.

एका किडनीत साधारण १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. एका नळीने रक्त आत येतं, दुसरीने बाहेर पडतं, आणि मधल्या दाबावर गाळण चालतं. मधुमेहात आत येणारी नळी सैलावते, बाहेर जाणारी आवळली जाते, आणि गुंत्यातला दाब वाढतो. गंमत नव्हे, धोका असा की सुरुवातीला यामुळे गाळण वाढतं आणि रिपोर्ट छान दिसतो. त्या दाबाखाली गाळणीची भिंत विरते, प्रथिन लघवीत उतरू लागतं, पुढे तिथे व्रण पडून ती गाळणी कायमची बंद होते. ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असतं, त्या बाहेर जाणारी नळी सैल करतात. दाब उतरतो, त्यासोबत गाळणही थोडं उतरतं, आणि क्रिएटिनिन जरा वर सरकतं. सुरुवातीची ३० टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही धरूनच चालतो. त्याहून जास्त वाढलं किंवा रक्तातलं पोटॅशियम चढलं, तर गोळी थांबवून कारण शोधतो. गोळी सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी रक्त तपासायला सांगतात ते यासाठी. ती तपासणी चुकवू नका, एवढंच माझं म्हणणं.

मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीचंही असंच. किडनीचं काम फार घटलं, म्हणजे रिपोर्टमधला ईजीएफआरचा (किडनी किती गाळते याचा) आकडा ३० च्या खाली गेला, की मेटफॉर्मिन बंद करतात. घरचे म्हणतात, "बघा, किडनीला वाईट म्हणून डॉक्टरांनीच बंद केली." प्रत्यक्षात हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं. किडनी थकली की ते अंगात साचतं, म्हणून थांबवायचं असतं. किडनी आधी थकली, गोळी नंतर थांबली.

किडनीला खरंच इजा करणाऱ्या गोळ्या आहेत, आणि मेसेजमध्ये त्यांचं नावही नाही. खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या एक काकू माझ्याकडे येतात. क्रिएटिनिन वाढलं तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, ती बीपीची गोळी बंदच करते आता." म्हटलं, "काकू, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा." पिशवीत बीपीच्या गोळीबरोबर कात्रीने कापलेले स्ट्रिपचे तुकडे होते, दोन-दोन, तीन-तीन गोळ्यांचे, नावाचा भाग दुकानातच राहिलेला. गुडघ्यासाठी रोज एक, कधी दोन. एका तुकड्याच्या कडेला नावाची शेवटची अक्षरं उरली होती, त्यावरून डायक्लोफेनॅक ओळखलं. अशा वेदनाशामक गोळ्या शरीरातली प्रोस्टाग्लँडिन्स नावाची रसायनं अडवतात. गुडघ्याची सूज त्याने उतरते, पण किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी नळी उघडी ठेवायला हीच रसायनं लागतात. बीपीची 'सार्टन' गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि पेनकिलर, हे त्रिकूट एकत्र आलं की किडनी अचानक कोलमडू शकते. काकूंची पेनकिलर थांबवली, बीपीची गोळी चालू ठेवली, क्रिएटिनिन खाली आलं.

"प्रत्येक खातं स्वतंत्र आहे."

हा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण बाकीचे गैरसमज यातूनच उगवतात. नुसता रक्तदाब कसा सांभाळला जातो ते पाहा. किडनीत येणाऱ्या रक्ताचा दाब उतरला की किडनी रेनिन नावाचं द्रव्य सोडते. स्टॉकहोममध्ये रॉबर्ट टिगरश्टेट आणि पेर बर्गमन या संशोधकांनी हे द्रव्य १८९८ मध्येच किडनीत शोधून काढलं होतं. रेनिन एका प्रथिनाचा तुकडा पाडतं, ते प्रथिन यकृतात बनतं. तो तुकडा रक्तातून फिरतो आणि मुख्यतः फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत त्याचं अँजिओटेन्सिन-२ नावाचं द्रव्य होतं. ते सगळ्या अंगातल्या धमन्या आवळतं, मेंदूत तहान जागवतं, आणि किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडायला लावतं. अल्डोस्टेरॉनच्या सांगण्यावरून किडनी मीठ आणि पाणी धरून ठेवते. किडनी, यकृत, फुप्फुस, धमन्या, मेंदू, ग्रंथी, परत किडनी. एक आकडा जागेवर ठेवायला एवढे अवयव राबतात.

जुलाबात पाणी कमी झालं की हीच व्यवस्था जीव वाचवते. आजारात तीच उलटते. हृदय अशक्त झालं की किडनीकडे रक्त कमी पोहोचतं. अंगात पाणी कमी झालंय असं समजून किडनी मीठ-पाणी धरून ठेवते. ते पाणी पायात आणि फुप्फुसांत साचतं, आणि थकलेल्या हृदयावर आणखी भार पडतो. दोन उशा घेतल्याशिवाय झोप न लागणारा, रात्री उठून खिडकीशी बसणारा माणूस या फेऱ्यात सापडलेला असतो. प्रिल-सार्टन गोळ्या या फेऱ्याची एक कडी तोडतात, म्हणून त्या हृदयासाठीही देतात, किडनीसाठीही आणि बीपीसाठीही.

उलट्या दिशेनेही तसंच. किडनी फक्त लघवी तयार करत नाही. रक्तपेशी तयार करण्याचा निरोप देणारं एरिथ्रोपोएटिन तिथून येतं, ड जीवनसत्त्व कामाला लागायचं तर शेवटची प्रक्रिया तिथे होते. किडनी खचली की हिमोग्लोबिन घसरतं, तेवढाच प्राणवायू पोहोचवायला हृदयाला जास्त धावावं लागतं, हृदयाची भिंत जाड होते, हाडं ठिसूळ होतात. किडनीचे कितीतरी रुग्ण डायलिसिसची वेळ यायच्या आधीच हृदयविकाराने जातात.

शुगरचंही तेच. ती मज्जातंतूंना बधिर करते, त्यामुळे काही मधुमेहींना हार्ट अटॅक आला तरी छातीत दुखत नाही. नुसता घाम फुटतो, दम लागतो, आणि घरचे ॲसिडिटी समजून थंड दूध देतात. ती प्रतिकारशक्ती दुबळी करते. मधुमेहीला टीबी होण्याची शक्यता दोन ते तीन पट असते. दाटीवाटीच्या या शहरात ही बाब साधी नाही. म्हणूनच टीबीचं निदान झालं की सरकारी कार्यक्रमात शुगरही तपासतात. छातीचा आजार, तपासणी रक्तातल्या साखरेची. खाती स्वतंत्र असती तर याची गरज पडली नसती.

"वय अधिक १००."

वय वाढलं की बीपी वाढणारच, त्याला हात लावू नये, असं वैद्यकातही एकेकाळी मानत. तेव्हा चांगल्या गोळ्याही नव्हत्या. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं बीपी मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होतं. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, त्या दिवशी ३००/१९० नोंदलं गेलं. वय ६३. जगातली उत्तम वैद्यकीय सेवा हाताशी असलेल्या माणसाची ही गत झाली.

सूत्राचा निकाल २००८ मध्ये लागला. ८० आणि त्यापुढच्या वयाच्या ३८४५ जणांची चाचणी झाली. त्यांचं सरासरी वय ८३ च्या पुढे, वरचं बीपी सरासरी १७३. मेसेजच्या हिशेबाने हे सगळे जवळपास नॉर्मल. निम्म्यांना औषध दिलं, निम्म्यांना नाही. औषध घेणाऱ्यांत मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले, हृदय निकामी होण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांनी घटलं. फरक एवढा स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. आजोबांचं बीपी किती खाली आणायचं हे त्यांची प्रकृती पाहून ठरतं, उभं राहिल्यावर चक्कर येते का तेही पाहावं लागतं. पण १७३ ला नॉर्मल म्हणता येत नाही.

"त्रास नाही म्हणजे आजार नाही."

यावर फार लिहायला नको. किडनीचं काम निम्म्यावर येईपर्यंत क्रिएटिनिनसुद्धा नॉर्मल दिसू शकतं, मग माणसाला जाणवणार कुठून? त्याआधी चाहूल लागते ती लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या तपासणीत. रिपोर्टमध्ये एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक. बीपी किंवा शुगर असेल तर वर्षातून एकदा ती करून घ्या. महापालिकेच्या आपला दवाखान्यात बीपी-शुगर तपासायला पैसे पडत नाहीत.

"कारलं, जांभूळ, शेंदेलोण, शहाळं."

कारल्याची भाजी जरूर खा. गोळीची जागा रस घेतो असा पुरावा नाही. रसायन वाईट आणि वनस्पती चांगली, हा भेदही टिकत नाही: मेटफॉर्मिनचं मूळ गॅलेगा नावाच्या वनस्पतीत सापडतं, आणि कॅप्टोप्रिलचा धागा ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषातून मिळाला. शेंदेलोण हे जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे; बीपीला त्याचा रंग कळत नाही. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम मीठ पुरे, आणि आपल्याकडे लोणचं, पापड, सुकट, फरसाण यांतच त्यातलं बरंचसं संपतं.

शहाळ्याबद्दल मात्र कळकळीने सांगते. निरोगी माणसाला ते उत्तम. पण एका शहाळ्यात एका केळ्याहून जास्त पोटॅशियम असतं. थकलेली किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, आणि रक्तात पोटॅशियम चढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, क्वचित थांबतातही. 'लो सोडियम' म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठातही पोटॅशियमच असतं. किडनीच्या रुग्णाने या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

काही गोळ्या तात्पुरत्या थांबवायची वेळ येतेही. पावसाळ्यात उलट्या-जुलाब झाले, अंगातलं पाणी गेलं, तर मेटफॉर्मिन, सार्टन, लघवीची गोळी दोन दिवस बंद ठेवायला आम्ही सांगतो. अशा वेळी त्याच दिवशी फोन करा. इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका. आणि मेसेज वाचून कोणी ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल ही बीपीची गोळी अचानक सोडली असेल, तर उद्यावर ढकलू नका. या गोळ्या एकदम तोडल्या की नाडी आणि बीपी उसळतं, आणि हृदयविकार असलेल्याला त्यातून अटॅक येऊ शकतो. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर थेट हॉस्पिटल गाठा. तसं काही नसेल तरी आजच डॉक्टरांना भेटा, आणि घरातल्या सगळ्या गोळ्या, कापलेल्या स्ट्रिपसकट, बरोबर न्या.