रजईतला तो म्हातारा बेवारस नव्हता

परत तोच फॉरवर्ड आला. शाईचं जुनं जपानी चित्र, पाठीवर रजई घेऊन ओणवा झालेला म्हातारा, आणि खाली मजकूर की हा थोर चित्रकार होकुसाई, घरच्यांनी टाकून दिलेला, एकटा उपाशी मेला, जपानमधे म्हाताऱ्यांना डोंगरावर सोडून यायची प्रथाच होती. खूप राग आला, कारण यातलं जवळजवळ सगळंच चूक आहे.

"एकटा" म्हणताय ना, मग चित्र अख्खं बघा. फॉरवर्डमधे अर्धंच कापून टाकलंय, उरलेल्या अर्ध्यात त्याची मुलगी ओएई बसलीय. ती स्वतः चित्रकार, लग्न मोडल्यावर बापाकडे परत आली आणि शेवटपर्यंत त्याच्यासोबत काम करत राहिली. हे चित्र होकुसाईच्या त्सुयुकी नावाच्या शिष्याने नंतर आठवणीतून काढलंय. रजईखाली कोतात्सु आहे, म्हणजे निखाऱ्यांची ऊब, आणि म्हाताऱ्याच्या हातात कुंचला आहे, समोर जमिनीवर कागद. तो कण्हत पडलेला नाहीये हो, काम करतोय! भिंतीवर चक्क सूचना लावलीय की चित्रांच्या वह्या आणि हातपंख्यांवर चित्रं काढायची कामं घेणार नाही. ज्याला कोणी विचारत नाही तो अशी पाटी लावेल का?

गरिबी मात्र खरी. नातवाची कर्जं फेडावी लागली, 1833 पासून मोठा दुष्काळ पडला, 1839 च्या आगीत चित्रं जळली, पैशाचा हिशोब त्याने कधी ठेवलाच नाही आणि भाड्याची घरं तर म्हणे 93 वेळा बदलली. पण सत्तरीच्या सुमारास त्याने ते समुद्राच्या लाटेचं जगप्रसिद्ध चित्र काढलं, आणि ऐंशी ओलांडल्यावर ओबुसे गावात ताकाई कोझान या श्रीमंत चाहत्याने त्याला आदराने ठेवून घेतलं, तिथल्या गान्शोइन देवळाच्या आतल्या छतावर त्याने रंगवलेला फिनिक्स, म्हणजे पुराणकथेतला पक्षी, आजही आहे.

आता डोंगराचं. उबासुते, म्हणजे म्हातारीला डोंगरावर टाकून येणं, ही दंतकथा आहे, अशी सर्रास प्रथा असल्याचा पुरावा नाही. दहाव्या शतकातल्या 'यामातो मोनोगातारी' या जपानी कथासंग्रहात एक माणूस म्हाताऱ्या मावशीला डोंगरावर सोडतो, पण रात्री चंद्र बघून त्याला राहवत नाही आणि तो तिला परत घेऊन येतो, हा शेवट कोणी सांगतच नाही. आणि म्हाताऱ्यांना टाकणाऱ्या देशाची गोष्ट तर बौद्ध ग्रंथांतून, म्हणजे मूळ आपल्याच बाजूने तिकडे गेली. उलट जपानच्या आठव्या शतकातल्या कायद्यात ऐंशीच्या माणसाला एक सेवेकरी, नव्वदीला दोन, शंभरीला पाच असा नियम होता. तो सगळीकडे पाळला गेला असेल असं मी म्हणत नाही, दुष्काळात गरिबांचे हाल झालेच, पण हाल होणं वेगळं आणि रीत असणं वेगळं.

पाठवायचंच असेल तर अख्खं चित्र पाठवा, ओएईसकट.