आटे जुळेनात

बोराबाजारातल्या त्या कॅमेऱ्याच्या दुकानदाराने लेन्सला लावायची रिंग उलटी दिली, की मीच उलटी मागितली, हा खटला परवापासून माझ्या डोक्यात चालू आहे. निकाल माझ्या विरुद्ध जाणार, असं दिसतंय.

माझ्याकडे 77 मिलिमीटरचा पोलरायझर आहे, म्हणजे लेन्सच्या तोंडावर लावायचा फिल्टर. पावसात ओल्या पानांवरची चकाकी काढतो, म्हणून पोटाला चिमटा घेऊन घेतलेला. नव्या लेन्सचं तोंड निघालं 67 चं. पुन्हा फिल्टर घेण्यापेक्षा मध्ये स्टेप-अप रिंग, म्हणजे बारक्या तोंडावर मोठा फिल्टर बसवणारी कडी टाकावी, म्हणून डोंबिवलीहून उभ्याने गेलो आणि काउंटरवर म्हणालो, "सत्त्याहत्तर-सदुसष्ट द्या." इथेच घात झाला. आधी लेन्सचा आकडा सांगायचा असतो. पण आपल्या भाषेत सदुसष्टातला सात आधी येतो की मागाहून, हे दुसरीपासून ज्याच्या अंगवळणी पडलं नाही, त्याने रिंगा कशा मागाव्यात?

त्याने दिली, मी पाकीट फोडलं. रिंग बसेना.

"फोडलेला माल परत होत नाही," दुकानदार म्हणाला. माझ्याकडे न बघता.

"बघू रे बाळा," असं म्हणत बाजूच्या स्टुलावरचे काका उठले. नातवाचा कॅमेरा दुरुस्तीतून घ्यायला आले होते. माझं वय सेहेचाळीस. त्यांनी लेन्स माझ्या हातातून काढून घेतली, नाकाशी धरली आणि विचारलं, "यावर तर 85 लिहिलंय!"

"ती फोकल लेंग्थ, काका. तोंडाचा व्यास इथे आहे, 67. शून्यावर तिरकी रेघ आहे ना, त्याच्यापुढे."

"म्हणजे डाया. तसं बोल ना!" काकांनी रिंगेच्या आतून बोट फिरवलं. "हे फिमेल, आटे आतून. लेन्सचं तोंड पण फिमेल. बसेल कसं? मध्ये निपल टाक, दोन्हीकडून बाहेरचे आटे."

तेहेतीस वर्षं प्लंबिंगची कामं घेत होते म्हणे. मी दहा वर्षं फोटो काढतोय, पण रिंगेला कुठल्या बाजूने बाहेरचे आटे आणि कुठल्या बाजूने आतले, हे इतकं स्वच्छ मला कोणी सांगितलं नव्हतं. रागही त्याचाच आला.

"आणि मोठ्या लेन्सला बारका फिल्टर लावला तर?"

"कोपरे काळे पडतात."

"प्रेशर पडतं," काकांनी दुकानदाराला समजावलं. मग माझ्याकडे वळून, "सायझी किती येतात एकूण?"

मी नेहमीच्या सांगितल्या: 49, 52, 55, 58, 62, 67, 72, 77, 82. काका बोटांवर मोजत राहिले. "तीन, तीन, तीन, चार, मग पाच-पाच? हे कुठल्या गाढवाने ठरवलं? आमचा अर्ध्या इंचाचा नळ रत्नागिरीत घे नाहीतर नागपुरात घे, बसतो."

यावर मी काय बोलणार? खरंच, एका कंपनीच्या तीन लेन्सा घेतल्या तरी तीन तोंडं तीन आकारांची. कारणं असतात, मला माहीत आहेत, मोठ्या काचेला मोठं तोंड लागतं वगैरे. पण 55 आणि 58 मध्ये असं कुठलं भौतिकशास्त्र अडकलंय? तीन मिलिमीटर! तेवढ्यासाठी माझ्या कपाटात बिस्किटाचा आख्खा डबा रिंगांनी भरलाय, आणि लागेल ती त्यात कधीच नसते.

शेवटी 67-77 चे वेगळे पैसे मोजले. बसली. काकांनी खिशातून टेफ्लॉन टेपची गुंडाळी काढली. "दोन वेढे मार, जाम होणार नाही." मी नको म्हणालो. घरी येईपर्यंत रिंग फिल्टरला अशी चिकटली, की शेवटी बायकोने कोथिंबिरीच्या जुडीचं रबर गुंडाळून ती सोडवली.

पण ते नंतरचं. दुकानातून निघताना लक्षात आलं की आता पुढे 77 चं तोंड झालं. लेन्सचं मूळ झाकण बसत नाही. ऊन अडवणारं हूडही नाही.

"77 चं झाकण वेगळं," दुकानदार म्हणाला. "अडीचशे."

"एंड कॅप," काका स्टुलावरूनच म्हणाले. "आमच्याकडे पंधरा रुपयाला."

लेन्सच्या काचेवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा अजून आहे.