दोन गोळ्या म्हणजे ‘दुप्पट विष’? काका कॅथेटर लावून घरी आलेत

पुण्यात सहकारनगरच्या माझ्या काकांनी प्रोस्टेटची (मूत्राशयाखालची, वयानुसार वाढणारी पुरुषांची ग्रंथी) गोळी परस्पर बंद केली. तळजाई टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता: ‘रात्री सारखं लघवीला उठावं लागतं म्हणून डॉक्टर दोन औषधं एकत्र देतात. एका रोगाला दोन औषधं म्हणजे दुप्पट विष! किडनी जाते, पुरुषत्व जातं. गोळ्या आजच बंद करा, सहानंतर पाणी पिऊ नका, गोखरूचा काढा घ्या, २१ दिवसांत गाठ विरघळते.’

बाराव्या रात्री लघवी पूर्ण तुंबली. ओटीपोट दगडासारखं, बनियन घामाने ओलं, बसवेना की उभं राहवेना. रात्री दोनला कॅथेटर (लघवी काढणारी नळी) घातला आणि पिशवी भरत गेली, तशा त्यांच्या आवळलेल्या मुठी सुटत गेल्या. त्या आठवड्यात सर्दीची गोळीही घेतली होती. तिनेही लघवी अडू शकते, पण चालू असलेलं औषध थांबवलं ते या मेसेजमुळेच.

आता ‘दुप्पट विष’. अहो, दोन्ही औषधांची कामंच वेगळी आहेत. टॅम्सुलोसिन मूत्राशयाच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटमध्ये असलेले स्नायू सैल करतं. धार काही दिवसांत सुधारते, पण गाठ आहे तेवढीच राहते. ड्युटास्टेराइड टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी, म्हणजे प्रोस्टेट वाढवणारं संप्रेरक, बनणं अडवतं, त्यामुळे गाठ आकसते. गुण यायला सहा महिनेही लागतात. म्हणून मोठ्या प्रोस्टेटला दोन्ही देतात. अमेरिकेतला ‘एमटॉप्स’ हा अभ्यास २००३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. ३,०४७ पुरुष, सरासरी साडेचार वर्षं. औषधं याच दोन गटांतली, डॉक्साझोसिन (टॅम्सुलोसिनसारखं) आणि फिनास्टेराइड (ड्युटास्टेराइडसारखं). आजार बळावण्याचा धोका एकट्या डॉक्साझोसिनने ३९ टक्के कमी झाला, एकट्या फिनास्टेराइडने ३४ टक्के, दोन्ही मिळून ६६ टक्के. आणि लघवी तुंबण्याचा धोका एकट्या डॉक्साझोसिनने लक्षणीय कमी झाला नाही. तो फिनास्टेराइडने आणि जोडीने झाला. काकांच्या बाबतीत नेमकं हेच टाळायचं होतं.

किडनी? लघवी अडून राहिली की तिचा दाब उलटा किडनीवर येतो. भीती त्याची बाळगा.

पुरुषत्वाचं मात्र निखालस खोटं नाही, हे मान्य करावं लागतं. ड्युटास्टेराइडने काहींची इच्छा कमी होते, ताठरता कमी होते, वीर्य कमी पडतं. डॉक्टरांनी हे आधी सांगायलाच हवं, आणि आपणही लाज सोडून विचारावं. टॅम्सुलोसिनने उठताना चक्कर येऊ शकते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ते घेत असल्याचं डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगावं लागतं. ड्युटास्टेराइडने पीएसए (प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीतला आकडा) साधारण निम्मा दिसतो, म्हणून रिपोर्ट वाचणाऱ्याला औषध चालू असल्याचं माहीत हवं.

आणि हेही खरं, की रात्री उठणाऱ्या प्रत्येकाला या जोडगोळीची गरज नसते. साखर, पायांवरची सूज, घोरताना श्वास अडणं, संध्याकाळी घेतलेली पाणी काढणारी गोळी, अशी कारणं असली तर प्रोस्टेटच्या औषधाने फेऱ्या फारशा कमी होत नाहीत. तीन दिवस वहीत वेळ आणि मापाने किती मिली ते लिहा. थोडी थोडी होते की दर वेळी भरपूर, यावरून डॉक्टरांना बरंच कळतं. काकांनी ही वही कधी ठेवलीच नव्हती.

संध्याकाळचं पाणी-चहा थोडं कमी करायला हरकत नाही, पण दिवसाचं तोडू नका. गोखरूच्या २१ दिवसांचा आकडा कुठून आला, यावर मेसेजमध्ये एक अक्षर नाही.

तो मेसेज वाचून ज्यांनी गोळी थांबवली असेल त्यांनी आजच डॉक्टरांना फोन करा. बरेच दिवस खंड पडला असेल तर आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. आणि लघवी होतच नसेल तर सकाळची वाट पाहू नका. काका दोन तास अंधारात पलंगावर बसून राहिले, काकूंची झोप मोडू नये म्हणून.