बाळंतिणीच्या गोळ्या बंद करायला सांगणाऱ्यांनो

आज दुपारी मालवणच्या बाजारात एका मेडिकलवर उभी होते. माझ्या पुढे एक तरुण, हातात बायकोची चिठ्ठी, ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची. शेजारच्या बाईंनी ओळख ना पाळख, सरळ विचारलं, "बाळंतीण मां? पोराक अंगावर पाजता?" तो हो म्हणाला. "मगे गोळ्यो कित्याक? दुधातसून पोराक बाधतला." काउंटरवरच्या माणसानेही मान हलवली, टाळलेल्या बऱ्या म्हणाला. झालं. त्या मुलाने चिठ्ठीची घडी घालून खिशात टाकली.

मी त्याला बाहेर थांबवलं आणि तिथूनच त्याच्या डॉक्टरांना फोन लावायला लावला. एकही गोळी चुकवू नका, दूधही चालू ठेवा, असं त्यांनी सांगितल्यावर त्याने गोळ्या घेतल्या. घरी आले तरी माझा संताप गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

माझ्या धाकट्या बहिणीचं सिझर झालं तेव्हा तिचं प्रेशर वाढलेलं होतं. घरी सोडताना लॅबेटॅलॉलच्या गोळ्या दिल्या होत्या. पाचवीला घर बायकांनी भरलं आणि प्रत्येकीने तेच सांगितलं, की कडक गोळ्या आहेत, दुधातून उतरतील, बंद कर. तिने बंद केल्या. पहिलटकरीण, त्यात बाळ अडीच किलोचं नाही, ती काय करणार होती? आपल्यामुळे लेकराला काही होईल असं कुणी म्हटलं की आई गळ्यापाशी आलेला घासही खाली ठेवते.

दोन्ही हातांनी डोकं धरून बसली होती ती. म्हणे वारा लागला असेल, कानाला बांधा. मग डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. म्हणे अशक्तपणा आहे. भर पावसात रात्री गाडी काढून तिला दवाखान्यात नेलं तेव्हा प्रेशर 180 वर 110 होतं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट लावलं. सल्ला देणाऱ्यांपैकी एकही बाई त्या गाडीत नव्हती.

बाळंतपण झालं की धोका संपला असं आपण धरून चालतो. तसं नसतं. प्रेशर बऱ्याचदा बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत वर जातं, म्हणजे नेमकं घर पाहुण्यांनी भरलेलं असतं तेव्हा. आणि गरोदरपणात प्रेशर अगदी नीट असलेल्या बाईलाही नंतरच्या 6 आठवड्यांत हा त्रास सुरू होऊ शकतो. न थांबणारी डोकेदुखी, अंधुक दिसणं, बरगडीखाली दुखणं, धाप लागणं यातलं काहीही झालं तर शेक देत बसायचं नाही, 108 ला फोन करायचा.

आता दुधाचं. हो, आई जे औषध घेते त्यातलं बरंचसं दुधात थोडंफार उतरतं, हे खरं आहे. पण किती? लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, एनालाप्रिल ही प्रेशरची औषधं इतकी कमी उतरतात की अंगावर पाजणाऱ्या आईला जगभर हीच दिली जातात. टाके पिकले तर अमॉक्सिसिलिन चालतं, दुखण्याला पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन चालतं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात त्या हेपॅरिनचा कण इतका मोठा असतो की तो दुधात जातच नाही म्हटलं तरी चालेल. हे सगळं तपासलेलं आहे. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने लॅक्टमेड नावाने एकेका औषधाची माहिती मोफत ठेवली आहे, कुठलाही डॉक्टर फोनवर उघडून बघू शकतो.

काही औषधं खरंच नको असतात, हेही मान्य. कोडिन आणि ट्रॅमॅडॉल ही दुखण्यावरची औषधं अंगावर पाजणाऱ्या आईला देऊ नयेत असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने 2017 मध्ये दिला. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर जास्त जपावं लागतं. पण ते ठरवणार डॉक्टर. आणि बहुतेक वेळा तेही दूध तोडायला सांगणार नाहीत, औषध बदलून देतील.

बहिणीला तर आधी एका कंपाउंडरने उलटंच सांगितलं होतं, की गोळ्या घ्यायच्या तर वरचं दूध लावा. ती दोन्हीकडून कोंडली. गोळी घेतली तर वाईट आई, पाजलं नाही तरीही वाईट आई. त्या रात्री ड्युटीवरच्या डॉक्टरबाईंनी तिला सलाईन चालू असतानाच कुशीवर वळवलं आणि बाळ छातीशी दिलं. पाज म्हणाल्या, औषध चालू आहे तरी पाज. ती किती रडली ते मी बघितलंय.

आमच्या आयांवर माझा राग नाही. शेक, हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, तेल लावणारे त्यांचे हात, यांनीच आम्ही उभ्या राहिलो. त्यांच्या काळात बाळंतीण गेली तर का गेली हे कुणी सांगतही नव्हतं, त्यांनी भीतीने जे जपलं तेच त्या आम्हाला देतात. पण काढ्यात काय काय आहे हे कुणी विचारत नाही आणि लिहून दिलेल्या गोळीवरच संशय, हे मला पटत नाही.

बाप मंडळी, तुम्ही चिठ्ठी खिशात घालू नका. दवाखान्यातून निघतानाच विचारा की ही गोळी घेऊन पाजलं तर चालेल का, कधी थांबवायची, बाळात काय दिसलं तर फोन करायचा. बाळ फार सुस्त झालं, प्यायला उठेना, तर लगेच कळवा. आशाताई 42 व्या दिवसापर्यंत घरी येतात, त्यांनाही गोळ्या दाखवा.

आणि माझ्या यादीत जे डॉक्टर आहेत त्यांना हात जोडून सांगते. डिस्चार्जच्या कागदावर सगळं इंग्रजीत असतं, ते घरात कुणाला वाचता येत नाही, मग पाचवीच्या बायका सांगतील तेच खरं होतं. त्या कागदावर मराठीत मोठ्या अक्षरात एक ओळ लिहा, "या गोळ्या चालू ठेवून बाळाला अंगावर पाजावे." खाली तुमची सही आणि फोन नंबर. याच आठवड्यापासून सुरू कराल का, ते खाली लिहा.