मावशीची बॅग आणि विमानतळाची मेट्रो

परवा मावशीला लेकीकडे दुबईला जायचं होतं. विमान दुपारी अडीचचं. सोबत तेवीस किलोची बॅग, तिला आडवीतिडवी नायलॉनची दोरी आणि दोरीला लाल चिंधी. ("सगळ्यांच्या बॅगा काळ्याच असतात रे, आपली ओळखायची कशी?") आत भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, गोडा मसाला आणि जागा उरली म्हणून दोन साड्या. मी म्हटलं, टॅक्सी कशाला, मेट्रोने जाऊ.

"त्या बिळातून?" मावशीचा राग जुना आहे. गिरगावात राहून तिने वर्षानुवर्षं मेट्रोच्या कामाचे पत्रे, धूळ आणि हादरे सोसलेत, शेजारच्या ओळखीच्या इमारती पडताना बघितल्यात. पण सरकत्या जिन्याने खाली उतरलो, थंड हवा लागली आणि तिचा सूर बदलला. "बरं केलंय हो," एवढं प्रशस्तिपत्रक मिळालं. मावशीकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

आणि खरंच बरं केलंय, आधी तेच सांगतो. मुंबईची भुयारी मेट्रो ३: कफ परेड ते आरे, साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानकं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) सुरू झाली, मे २०२५ मध्ये वरळीपर्यंत आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट कफ परेडला. विमानतळाची टी १ आणि टी २ ही दोन्ही टर्मिनल्स एकाच मार्गावर. या टोकापासून त्या टोकापर्यंतचं तिकीट ७० रुपये. सत्तर रुपयांत विमानतळाचा टॅक्सीवाला मान वर करून बघणारही नाही.

अडचण डब्यात शिरल्यावर कळते. ही बॅग ठेवायची कुठे? समोरासमोर लांबलचक बाकं, मध्ये उभं राहायची जागा. लोकलमध्ये निदान डोक्यावर रॅक तरी असतो, इथे तोही नाही. मावशी बसली, बॅग गुडघ्यांत धरली. मधल्या एका स्थानकाला गाडीने ब्रेक लावला, मी नेमका व्हॉट्सअॅपवर उत्तर देत होतो, आणि तेवीस किलोची भाजणी चार चाकांवरून घरंगळत समोरच्या पोराच्या बुटावर जाऊन थांबली. चूक शंभर टक्के माझी. पोरगा भला, गळ्यात ऑफिसचं आयकार्ड. "असू दे काकू," म्हणाला आणि बीकेसीला उतरेपर्यंत बॅगेच्या चाकाला बूट लावून उभा राहिला. म्हणजे सामानाची सोय काय, तर तो बूट.

गाडी वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. आंध्रातल्या श्रीसिटीच्या कारखान्यात बनलेल्या या आठ डब्यांच्या गाड्या ऑफिसला जाणाऱ्या माणसासाठी आहेत, आणि त्याच्यासाठी झकास आहेत. डबे बनवताना मुंबईची गर्दी डोळ्यांपुढे होती, मावशी नव्हती.

लगेच कुणीतरी म्हणेल, मग दिल्लीसारखी वेगळी एअरपोर्ट एक्सप्रेस हवी होती. मला नाही पटत. दिल्लीची ती गाडी २०११ मध्ये सुरू झाली. स्पेनच्या कंपनीचे डबे, आत सामानाला जागा, नवी दिल्ली स्थानकातच विमानाचं चेक-इन. थाट मोठा. पण २०१२ च्या जुलैमध्ये पुलाच्या बेअरिंगमधल्या दोषांमुळे ती सहा महिने बंद राहिली, आणि २०१३ मध्ये ती चालवणाऱ्या खासगी कंपनीने हात वर करून मार्ग दिल्ली मेट्रोच्या गळ्यात घातला. पुढे भाडं उतरवलं तेव्हा कुठे प्रवासी वाढले. फक्त विमानवाल्यांसाठी गाडी चालवली तर ती महाग होते आणि रिकामी धावते. ऑफिसवाले आणि बॅगवाले एकाच गाडीत असणं हेच आपल्या मेट्रोचं बळ आहे.

फक्त बॅगेला थोडी जागा हवी, आणि त्याला वेगळी गाडी लागत नाही. लंडनच्या हीथ्रो एक्सप्रेसने २०२०-२१ मध्ये आपल्या खास गाड्या मोडीत काढल्या आणि त्याजागी उपनगरी धाटणीच्या गाड्या घेतल्या, पण आतून बदलून, सामानाचे रॅक बसवून. आपल्याकडे प्रत्येक गाडीत दोन दारांजवळची चार-चार आसनं काढून तिथे कमरेएवढी दांडी आणि चाकं अडवणारा कठडा केला तरी काम भागेल. आसनं गेली म्हणून कुणी रडणार नाही, मुंबईकर तसाही उभाच असतो.

हे आत्ता लिहायचं कारण नियोजित मेट्रो ८. टी २ पासून कुर्ला टर्मिनस, मानखुर्द, वाशी करत नवी मुंबई विमानतळापर्यंत, साधारण पस्तीस किलोमीटरचा मार्ग. दोन्ही टोकांना विमानतळ आणि वाटेत यूपी-बिहारच्या गाड्यांचं टर्मिनस! या मार्गावर बॅग नसलेला माणूस शोधावा लागेल. त्याच्या गाड्यांचा नकाशा कागदावर असतानाच त्यात सामानाचे रॅक आखून घ्या. एकदा डबे आले की 'पुढच्या टप्प्यात बघू' सुरू होईल, आणि आपल्याकडचा पुढचा टप्पा म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे.

वेळेचंही तेच. मेट्रो ३ ची शेवटची गाडी रात्री साडेदहाला, पहिली पहाटे सहाच्या आत-बाहेर. आखाताची, युरोपची कितीतरी विमानं नेमकी मधल्या वेळात उडतात आणि उतरतात. रात्री रुळांची तपासणी करावी लागते, मान्य. पण लोकलचीही होते, आणि तरी ती पहाटे चारच्या सुमाराला धावायला लागते.

मावशी पोचली. फोनवर पहिलं वाक्य, "भाजणी सांडली नाही." परतीचं विमान रात्री पावणेदोनला उतरतं. गल्लीतल्या टॅक्सीवाल्याला आजच सांगून ठेवलंय.