सेलिब्रिटी गेल्यावर हळहळणारे सगळे ढोंगी? एका फॉरवर्डला उत्तर

कुणी नट, गायक किंवा रीलस्टार अचानक गेला की दोन दिवसांत एक लांबलचक संदेश गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हटकून फिरू लागतो. ग्रुप भजनी मंडळाचा असो की सोसायटीचा. म्हणणं थोडक्यात असं: ज्याला कधी भेटलो नाही त्याच्यासाठी फोनवर रडणं हे ढोंग, पूर्वी लोक असे नव्हते, हेच लोक शेजाऱ्याच्या मर्तिकाला फिरकत नाहीत, आणि तरुण माणसं अशी पटापट जातात ती कोविडच्या लशीमुळे, पण सत्य दडपलं जातं. शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’. मला पटलं नाही.

आधी ढोंगाचं बघू. 31 मे 2022 रोजी कोलकात्यात नझरुल मंचावरचा कार्यक्रम संपवून गायक केके हॉटेलवर परतला आणि गेला. वय 53. त्या रात्री लोकांनी जे लिहिलं त्यात केके थोडा आणि स्वतःचंच जास्त होतं: कॉलेजचा निरोप समारंभ, होस्टेलची खोली, फिसकटलेलं प्रेम. आपल्याच गेलेल्या वयाचं ते दुःख. ते खोटं कसं? ‘गेलेला माणूस तुमची पोस्ट वाचणार आहे का’ असा टोमणाही त्या संदेशात असतो. मग गोव्यातलं कुठलंही मराठी दैनिक उघडा आणि पुण्यस्मरणाच्या जाहिराती बघा. पासपोर्ट फोटो, दोन तारखा, खाली चार ओळी, त्याही थेट गेलेल्यालाच उद्देशून, आणि शेवटी ‘शोकाकुल’ म्हणून नातवंडांपर्यंत नावांची रांग. घरची माणसं वर्षानुवर्षं पैसे भरून त्या छापतात. आजोबा पेपर वाचतात का, असं त्यांना कुणी विचारत नाही.

दिखावा नसतोच असं मी म्हणत नाही. सप्टेंबर 2021 मध्ये टीव्हीवरचा नट सिद्धार्थ शुक्ला गेला तेव्हा अंत्यसंस्काराला आलेल्या माणसांच्या गाड्यांच्या काचांना कॅमेरे चिकटले होते. त्याचे तुकडे कापून, मागे करुण संगीत लावून रील करणाऱ्यांना हवं तेवढं बोला. पण घरी बसून दोन ओळी लिहिणाऱ्या बाईला त्यांच्या रांगेत का बसवायचं? उलट 29 ऑक्टोबर 2021 रोजी कन्नड नट पुनीत राजकुमार 46व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेला, तेव्हा त्याचे डोळे दान झाले आणि कर्नाटकात नेत्रदानाचे अर्ज भरायला झुंबड उडाली. ते अर्ज भरणाऱ्यांतले बहुतेक त्याला कधी भेटलेले नव्हते.

‘पूर्वी असं नव्हतं’ हे तर धडधडीत चूक. 1926 मध्ये हॉलिवूडचा रुडॉल्फ व्हॅलेंटिनो 31व्या वर्षी गेला तेव्हा न्यूयॉर्कच्या रस्त्यावर दंगल झाली, आणि त्याच्यावर विषप्रयोग झाल्याची आवई उठली, तीही व्हॉट्सअ‍ॅपशिवाय. 2006 मध्ये याच पुनीतचे वडील डॉ. राजकुमार गेले तेव्हा बेंगळुरूत जाळपोळ झाली, माणसं मेली. इतकं लांब तरी कशाला जायचं? गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर 12 ऑगस्ट 1973 रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच गेले. ज्यांनी त्यांना फक्त सभेत, लांबून पाहिलं, त्यांनीही तेव्हा डोळे पुसलेच ना? मिरामारच्या समाधीवर जाणाऱ्यांची भाऊसाहेबांशी वैयक्तिक ओळख किती होती, हे कुणी तपासत बसलं नाही.

शेजाऱ्याच्या मर्तिकाचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. आज सत्तरी तालुक्यातल्या गावातसुद्धा मयताची खबर, अंत्यसंस्काराची वेळ आणि मुंबईचा मुलगा पोचेपर्यंत थांबणार की नाही हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच कळतं, आणि माणसं कामं टाकून जातात. (पन्नास जोडलेल्या हातांच्या मध्येच एखादा गुड मॉर्निंगचा उगवता सूर्य टाकतो. तो बावळटपणा झाला, ढोंग नव्हे.)

आता लस. मला सगळ्यात खटकतं ते हे, कारण दुसऱ्यांच्या दुःखाला नावं ठेवणारा संदेश इथं स्वतःच मृताच्या नावावर आपलं दुकान चालवतो. 18 ते 45 वयातल्या, एरवी धडधाकट माणसांच्या अचानक झालेल्या मृत्यूंचा आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने 47 रुग्णालयांतून अभ्यास केला, तो 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. 729 मृत्यू तपासले. लशीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच होता. धोका वाढलेला दिसला तो घराण्यात कुणी असं अचानक गेलं असेल तर, कोविडसाठी रुग्णालयात राहावं लागलं असेल तर, आणि मृत्यूआधीच्या 48 तासांत बेसुमार दारू किंवा अंगमेहनतीचा अतिरेक झाला असेल तर.

यावर गोव्यात हमखास उत्तर येतं: ‘सोनाली फोगाटचंही आधी हार्ट अटॅकच म्हणाले होते ना?’ म्हणाले होते. ऑगस्ट 2022 मध्ये हरियाणाच्या भाजप नेत्या आणि टिकटॉकस्टार असलेल्या त्या गोव्यातल्या हणजुणेत गेल्या तेव्हा पहिली बातमी तीच होती. मग भावाने तक्रार केली, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, शवविच्छेदन झालं, अंगावर जखमा आढळल्या, पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. यात फॉरवर्डचं काम काय होतं? त्यांच्या शेवटच्या रात्रीचं सीसीटीव्ही चित्रण तेवढं फोनोफोनी फिरलं. घरी त्यांची अल्पवयीन मुलगी होती. शंका घ्यायलाच हवी, पण ती तक्रारीत लिहून, सही करून.

पुनीत गेल्यानंतर बेंगळुरूच्या हृदयरोग रुग्णालयांत तपासणीसाठी रांगा लागल्या होत्या. घाबरूनच, पण निदान जिथं जायला हवं तिथं माणसं गेली. आपल्याकडे सरकारी आरोग्य केंद्रांत ईसीजी काढून तो गोमेकॉच्या डॉक्टरांपर्यंत पोचवण्याची ‘स्टेमी गोवा’ योजना आहे; हार्ट अटॅकमधली रक्ताची गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन तिच्यात फुकट मिळतं. छातीत दुखतंय, घाम फुटलाय, तर गॅस असेल म्हणून सोडा पिऊन आडवं व्हायचं नाही, 108 ला फोन करायचा. हे मात्र ग्रुपवर खुशाल पाठवा.