एक्झिटरच्या फलाटावरून

इंग्लंडमधल्या एक्झिटर सेंट डेव्हिड्स स्टेशनावर मी आठवड्यातून दोनदा गाडीची वाट बघते, आणि गाडी बहुधा उशिरा येते. तिथे पुस्तकांचं एक यंत्र आहे. थंड पेयांचे डबे देणारं असतं तसलंच. आत पेंग्विन या प्रकाशनसंस्थेची पुस्तकं ओळीने मांडलेली, पैसे भरले की हवं ते मिळतं. २०२३ मध्ये ते बसवलं. मागच्या महिन्यात गाडी चाळीस मिनिटं लांबली, तेव्हा वेळ जात नव्हता म्हणून मी त्याचा फोटो काढून मामांना पाठवला. तिथेच चुकलं.

मामा एका तालुक्याच्या गावातल्या 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयाचे कार्यवाह आहेत. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांचा अर्धा वेळ वाचनालयात जातो आणि उरलेला अर्धा वाचनालयाच्या तक्रारी सांगण्यात. त्यांचा आवाजी निरोप आला, अकरा मिनिटांचा. "बघ, याला म्हणतात वाचनसंस्कृती. आणि आपल्याकडे? अभिजात दर्जा मिळाला म्हणून पेढे वाटले, पण बरी कादंबरी घ्यायची तर चारशे रुपये मोजा. अगं, शंभरात पुस्तक देणारा एक पेंग्विन मराठीत निघाला असता ना, तर वाचकांच्या उड्या पडल्या असत्या!"

हे मामांचं एकट्याचं म्हणणं नाही. साहित्य संमेलनाच्या मांडवात प्रकाशन व्यवसायावर परिसंवाद असला की एक वक्ता म्हणतो, पुस्तकं महाग म्हणून मराठी माणूस वाचत नाही. दुसरा म्हणतो, मराठी माणूस वाचत नाही म्हणून आवृत्ती हजारावरून पाचशेवर आली, आणि म्हणून पुस्तकं महाग. मग तिसरा उठून पेंग्विनचं उदाहरण देतो आणि टाळ्या घेतो. मी ज्या फलाटावर उभी असते, त्याच स्टेशनाची ती गोष्ट. त्यामुळे यात तोंड घालायचा थोडा हक्क मला आहे, असं मी समजते.

गोष्ट अशी. १९३४ साली अ‍ॅलन लेन हा बॉडली हेड या प्रकाशनसंस्थेचा तरुण संचालक रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्तीकडे सुट्टी घालवून लंडनला परतत होता. एक्झिटर स्टेशनावर वाचण्याजोगं काही मिळेना. चांगलं पुस्तक सिगारेटच्या पाकिटाच्या किमतीत का मिळू नये, असं त्याच्या मनात आलं आणि पेंग्विनचा जन्म झाला. गोष्ट गोड आहे. इतकी गोड की अभ्यासकांनाही तिचा संशय येतो. हँबुर्गमध्ये अल्बाट्रॉस नावाच्या संस्थेने १९३२ पासून इंग्रजी पुस्तकांच्या कागदी बांधणीच्या स्वस्त आवृत्त्या काढायला सुरुवात केली होती: नाव पक्ष्याचं, आकार खिशात मावेल असा, विषयाप्रमाणे मुखपृष्ठाचा रंग ठरलेला. लेनने यातलं जवळपास सगळं उचललं. कादंबरीला नारिंगी, चरित्राला निळा, रहस्यकथेला हिरवा. पेंग्विन हे नाव त्याच्या सेक्रेटरीने सुचवलं, चित्र काढायला एडवर्ड यंग या पोराला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पिटाळलं. नक्कल केली म्हणून मी लेनला नावं ठेवत नाही. पण आपण त्याची नक्कल करायची म्हणतो, तेव्हा त्याने नेमकं काय केलं होतं ते तरी नीट बघायला हवं.

३० जुलै १९३५ ला पहिली दहा पुस्तकं निघाली, किंमत सहा पेन्स. तेव्हा नवी कादंबरी साडेसात शिलिंगांना मिळे, म्हणजे नव्वद पेन्सांना. एकदम पंधरापट स्वस्त. मामांची गोष्ट इथे संपते आणि वाचकांच्या उड्या पडतात. खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण उड्या पडल्याच नाहीत. सहा पेन्सांत खर्च निघायचा तर प्रत्येक पुस्तकाच्या साडेसतरा हजारांच्या आसपास प्रती खपायला हव्या होत्या, आणि पुस्तकविक्रेत्यांची आगाऊ मागणी होती जेमतेम सात हजारांची. विक्रेत्यांचंही बरोबरच होतं: एवढ्या स्वस्त पुस्तकावर आम्हाला सुटणार काय? बॉडली हेडच्या बाकीच्या संचालकांनी हात वर केले होते, पैसा लेन आणि त्याच्या दोन भावांचा लागला होता. पहिल्या दहातली सहा पुस्तकं ज्याच्याकडून घेतली, त्या जोनाथन केप या प्रकाशकाने नंतर कबूल केल्याचं सांगतात, की हा बुडणार हे दिसतच होतं, बुडायच्या आधी याच्याकडून चारशे पौंड तरी काढून घ्यावेत, एवढाच हिशोब मी केला.

लेनला तारलं ते पुस्तकांच्या दुकानाने नाही. वुलवर्थ्सने तारलं. वुलवर्थ्स म्हणजे सुया, बटणं, कपबशा, केसांच्या पिना विकणारी दुकानांची साखळी, आणि तिथे सहा पेन्सांच्या वर काही मिळतच नसे. त्यांनी ६३,५०० प्रतींची मागणी नोंदवली. खरेदी करणारा अधिकारी आधी तयार नव्हता. नेमकी त्याची बायको तिथे आली, तिला पुस्तकं आवडली, अशी एक उपकथा आहे. (पेंग्विनच्या इतिहासात निम्मं असंच आहे, पण ६३,५०० हा आकडा पक्का.) पहिल्या वर्षभरात तीस लाखांच्या आसपास प्रती गेल्या. गोदाम होतं मेरिलबोन रोडवरच्या चर्चच्या तळघरात, जिथे पूर्वी प्रेतं पुरत. पुढे युद्ध आलं, कागदाचं रेशनिंग झालं आणि कोटा ठरला युद्धाआधीच्या वर्षीच्या वापरावर. ऐन भरात असलेल्या पेंग्विनला त्यात चांगला वाटा मिळाला. पुस्तक सैनिकाच्या खिशात मावत होतं, हे आणखी एक.

मामांना मी एवढंच कळवलं, की किंमत ही निम्मी गोष्ट झाली. बाकीची निम्मी म्हणजे, पुस्तक कपबशांच्या शेजारी जाऊन बसलं. पुस्तकाच्या दुकानाची पायरी चढायला जो बिचकतो, त्याच्या वाटेत ते आलं.

स्वस्त पुस्तकं आपल्याकडे नाहीत हेही खरं नाही. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० पासून आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. मंडळाची पुस्तकं आजही इतक्या कमी किमतीत असतात की छापील किंमत वाचून माणूस दचकतो. पण घ्यायची कुठे? चर्नी रोडच्या शासकीय ग्रंथागारात, कार्यालयीन वेळेत. सहा पेन्सांचं पुस्तक आहे, वुलवर्थ्स नाही.

आणि वुलवर्थ्सही आहे. तो आपल्या परिसंवादात येत नाही, इतकंच. कॉलेजात असताना मी दादरला राहायचे. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात, ते तेव्हा पहिल्यांदा पाहिले. महापरिनिर्वाण दिनाला चैत्यभूमीवर राज्यभरातून लाखो माणसं येतात आणि परतताना पुस्तक घेऊन जातात, दहा-वीस रुपयांच्या पुस्तिकेपासून बाबासाहेबांच्या जाडजूड खंडापर्यंत. एक बाई आठवतात. लातूरकडच्या असाव्यात, बोलण्यावरून. त्यांनी स्टॉलवर एक पातळशी पुस्तिका निवडली, पिशवीत टाकली, चार पावलं गेल्या, परत आल्या आणि तीच आणखी दोनदा मागितली. "एक जावेला, एक शाळेतल्या बाईंना." कनवटीच्या नोटा सोडवून मोजून दिल्या. हेच नागपूरला दीक्षाभूमीवर दिसतं. हा सगळा खप कुठल्याही 'मराठी पुस्तकांची घसरती विक्री' छापाच्या लेखात मी कधी मोजलेला पाहिला नाही. मराठी माणूस वाचत नाही असं म्हणताना आपण कोणता मराठी माणूस डोळ्यांपुढे ठेवतो, हे एकदा तपासायला हवं. मामांना हे आवडलं नाही. "ते वेगळं, ती श्रद्धा आहे," म्हणाले. असेल. पण पुस्तिका वाचायलाच नेली होती ना?

मुख्य प्रवाहातला मराठी प्रकाशक किंमत ठरवतो तेव्हा त्याच्या नजरेपुढे बऱ्याचदा वाचक नसतोच, ग्रंथालय असतं. १९६७ च्या कायद्याखाली राज्यात अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयांचं मोठं जाळं आहे, मामांचं त्यातलंच एक. ग्रंथालय घसघशीत सूट मागतं, मग सूट देता यावी म्हणून छापील किंमत वाढते, आणि दुकानात एकटा आलेला माणूस ती वाढीव किंमत वाचून पुस्तक खाली ठेवतो. "म्हणजे दोष माझा?" मामांनी विचारलं. थोडा आहे, मामा.

स्वस्ताईला आणखी एक बाजू आहे. १९६० साली पेंग्विनवर लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात अश्लीलतेचा खटला चालला, डी. एच. लॉरेन्सच्या 'लेडी चॅटर्लीज लव्हर'च्या पूर्ण आवृत्तीवरून. दोन लाख प्रती, किंमत साडेतीन शिलिंग. सरकारी वकिलाने ज्यूरीला विचारलं, हे पुस्तक तुमच्या बायकोने किंवा नोकरांनी वाचलेलं तुम्हाला चालेल का? कोर्टात हशा पिकला म्हणतात, पण प्रश्न प्रामाणिक होता. महाग पुस्तकातली अश्लीलता खपवून घेता येते, साडेतीन शिलिंगांतली नाही, कारण ती स्वयंपाकघरापर्यंत पोचते. २ नोव्हेंबरला पेंग्विन सुटली आणि पुस्तकावर खरोखरच उड्या पडल्या.

त्याच पुस्तकाची प्रत विकली म्हणून मुंबईतल्या एका बुकस्टॉलच्या भागीदाराला झालेली शिक्षा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये कायम केली. तिथे कंपनी उभी राहिली, इथे स्टॉलवाला अडकला. आणि २०१४ मध्ये पेंग्विनच्याच भारतातल्या शाखेने वेंडी डोनिगर यांचं हिंदू धर्मावरचं पुस्तक खटला लढत न बसता तडजोड करून मागे घेतलं. लेन १९७० मध्ये वारला, तेव्हाच कंपनी पिअर्सन या ब्रिटिश कंपनीकडे गेली. २०१३ मध्ये तिचा रँडम हाऊस या दुसऱ्या बड्या प्रकाशनसंस्थेशी संसार थाटला गेला. २०२० पासून ती पूर्णपणे बर्टल्समान या जर्मन समूहाच्या मालकीची आहे. सायमन अँड शूस्टर ही अमेरिकी प्रकाशनसंस्थाही गिळायला निघाली होती, २०२२ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने अडवलं. चर्चच्या तळघरातून निघालेला पेंग्विन तो हाच. मराठीत 'पेंग्विन' यावा असं म्हणणाऱ्यांना यातला कोणता हवा आहे, ते विचारून घ्यावं.

मामांची दुसरी समजूत, इथे सगळे वाचतात. माझ्या गाडीच्या डब्यात मी अधूनमधून मोजते. परवा पुस्तक हातात असलेले तिघं होते, त्यात एक मी. बाकी सगळे मोबाइलवर, आपल्या लोकलसारखेच, फक्त आवाज बंद करून. खर्चकपातीत शेकडो सार्वजनिक वाचनालयं गेली, आमच्या भागातलं गावातल्या निवृत्त मंडळींच्या जिवावर चालू आहे. (मामांना हे कळलं तेव्हा ते अंमळ सुखावले.) वुलवर्थ्सची इथली दुकानंही २००९ च्या जानेवारीत बंद झाली.

इथली एक गोष्ट मात्र मला खरंच उचलावीशी वाटते, आणि ती यंत्राइतकी फोटोजोगी नाही. वाचनालयातून पुस्तक घरी नेलं गेलं की लेखकाला सरकारकडून काही पेनी मिळतात. १९७९ चा कायदा आहे. वर्षाला एका लेखकाला जास्तीत जास्त ६,६०० पौंड. बहुतेकांच्या हातात चहापाण्यापुरते येत असतील, पण आपलं पुस्तक कुठेतरी वाचलं जातंय याचा आकडा दरवर्षी हातात पडतो. मराठी लेखकाला प्रकाशकाकडून तेवढा आकडा मिळायचीही मारामार असते.

आणखी एक नाव मामांना सांगितलं, तेव्हा ते प्रथमच गप्प झाले. १९३७ मध्ये पेंग्विनने ज्ञानविज्ञानाच्या पुस्तकांसाठी पेलिकन ही मालिका काढली. तिचे संपादक होते व्ही. के. कृष्ण मेनन, पुढे उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेले आणि संरक्षणमंत्री झाले तेच. लंडनच्या सेंट पँक्रसमध्ये नगरसेवक असताना वाचनालयांसाठी खपणारा माणूस. लेनशी त्यांचं फार दिवस जमलं नाही, हा भाग वेगळा.

काल मामांचा निरोप आला, चक्क दीड मिनिटाचा. त्यांनी दोन प्रकाशकांशी बोलून ठेवलंय आणि एसटी स्टँडवरच्या पेपरवाल्याला गाठलंय. पुस्तकांची एक रांग लावायला तो तयार आहे. "पण तो विचारतोय," मामा म्हणाले, "उरलेली परत घेणार का. आणि हे दोघं त्यावर काही बोलतच नाहीत गं."